आळीपाळीने

एकत्र कुटुंबात सर्वांत आधी कोण थकते, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अलीकडे बिनतारी यंत्रांविषयीच्या संशोधनात सापडले.

अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचे एक बेट आहे. तेथे पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतात. माणसाचा वावर वाढला की त्यांच्या विणीत विघ्न येते. म्हणून २००२ च्या उन्हाळ्यात बर्कलेच्या संशोधकांनी बिळांत व आसपास ३२ इवली यंत्रे ठेवून दिली. दोन पेन्सिल सेलवर चालणारे प्रत्येक यंत्र तापमान, आर्द्रता इत्यादी मोजी आणि बिनतारी संदेशाने कळवी.

अशी यंत्रे शेकड्यांनी पसरली की अडचण उभी राहते ती सेलची. रानावनात सेल बदलावयास कोण जाणार? त्यातही मोजण्यापेक्षा संदेश पाठविण्यातच शक्ती अधिक खर्च होते. प्रत्येकाने आपला संदेश थेट केंद्रास पाठविला, तर दूरची यंत्रे आधी निकामी होतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे सोपवीत नेला, तर केंद्राजवळची आधी संपतात. कारण स्वतःच्या संदेशाबरोबर साऱ्यांचे संदेश त्यांनाच वाहावे लागतात.

हे वाचताना आम्हांस इंदूरच्या थोरल्या वहिनी आठवल्या. भावंडे हैदराबाद, वडोदरा, पुणे अशी पांगली. वृद्ध आईपाशी राहिल्या त्या वहिनी. कोणाचे बाळंतपण, कोणाचा साखरपुडा, आईचे औषध, कुळधर्माचा दिवस, सारे निरोप त्यांच्याच हातून पुढे जात. त्या सर्वांत जवळ होत्या, एवढेच कारण. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना सक्तीची विश्रांती सांगितली.

यंत्रांच्या कोड्यावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन व हरी बालकृष्णन यांनी २००० साली एक मार्ग सुचविला. यंत्रांचे लहान गट करावेत. गटातील प्रमुखाने सर्वांचे संदेश एकत्र करून त्यांचे सार तेवढे केंद्रास धाडावे. आणि हे प्रमुखपद फिरते ठेवावे. एकदा भार वाहिलेल्या यंत्राकडे, इतरांची पाळी होईपर्यंत तो पुन्हा येऊ नये. यासाठी केंद्राच्या हुकमाची गरज नाही. आपली पाळी केव्हा, हे प्रत्येक यंत्र स्वतःच ठरविते. संगणकावरील पडताळणीत शक्तीचा खर्च रूढ पद्धतींच्या मानाने ८ पटींपर्यंत कमी झाला.

आमच्या घरीही आता पाळ्या ठरल्या आहेत. आई इंदूर सोडावयाची नाही. तेव्हा भावंडांनी तीन तीन महिने तेथे येऊन राहावयाचे. पहिली पाळी हैदराबादच्या धाकट्या बंधूंची. वहिनींनी किल्ल्यांचा जुडगा धाकट्या जावेच्या हाती दिला आणि त्या बहिणीकडे ग्वाल्हेरला गेल्या.

बेटावरील यंत्राचा सेल संपला की संपला. वहिनी दीड महिन्याने परतल्या, तेव्हा देवघरात फुले वाहताना कित्येक वर्षांनी गुणगुणत होत्या. किल्ल्या मात्र अद्याप जावेच्याच कमरेला आहेत. तिची पाळी संपावयास अजून दीड महिना बाकी आहे.