दुसरी किल्ली

जामखेडच्या पेठेतील त्या घराला कुलूप नव्हते. दुकानाला होते, तिजोरीला होते, धान्याच्या गोदामाला तर दोन होती; परंतु राहत्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप लावण्याची वेळ तीन पिढ्यांत कधी आली नव्हती. खाली दुकान आणि वर घर. लग्नकार्यास सारे कुटुंब गेले तरी एखादी आत्या, नाहीतर दुकानातील जुने मुनीमजी जिन्याच्या तोंडाशी बसलेले असत. बिऱ्हाड पुण्यास हलवण्याचा दिवस आला तेव्हा शेठजींनी समोरच्या दुकानातून एक नवे पितळी कुलूप आणवले आणि त्याच्या दोन किल्ल्या तळहातावर घेऊन ते बराच वेळ नुसते बसून राहिले. एक किल्ली त्यांनी कनवटीला लावली. दुसरी कोणाकडे ठेवायची, याचा विचार करावा लागला नाही. ती शेजारच्या शिंपीकाकांकडे गेली.

गाव सोडण्याचे कारण चारचौघांच्या घरी असते तेच होते. मुलाने मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात गाळा घेऊन तीन वर्षे झाली होती. आठवडाभर तो पुण्यात एका खोलीत राही आणि शनिवारी रात्री घरी येई. आता नातीला पुण्यातच वाणिज्य शाखेत शिकायचे होते, पुढे सीए व्हायचे होते. एका घराच्या दोन चुली किती दिवस चालवायच्या? फाल्गुनात निर्णय झाला आणि घराचा शोध सुरू झाला.

“वस्ती सुरक्षित हवी,” यावर सर्वांचे एकमत होते. मात्र त्या एका शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या मनात निराळा होता, हे ध्यानात यायला तीन महिने गेले. शेठजींच्या लेखी सुरक्षित म्हणजे आपल्या माणसांची वस्ती. मुलाला फाटक, पहारेकरी आणि कॅमेरे हवे होते. सूनबाईंना हवे होते ते एवढेच, की मुलगी संध्याकाळी क्लासहून परतेल तो रस्ता उजेडाचा असावा. नातीला वाटे, ‘कुठे चाललीस’ असे विचारणारे कोणी नसले म्हणजे झाले. आणि शेठजींच्या मातोश्री, ज्यांना सारे गाव ‘बाई’ म्हणते, त्या काहीच बोलत नसत. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी आपल्याला कोण विचारतो, असा त्यांचा भाव असावा.

शहराचा पश्चिम भाग आरंभीच बाद झाला. बाणेर-हिंजवडीकडे घरे नवी आणि ऐसपैस होती; परंतु मुलगा चौविहार करतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. गाळा बंद करून त्या गर्दीतून घर गाठेपर्यंत केव्हाच अंधार पडणार. म्हणजे रोज गाळ्यावरच डबा उघडून एकट्याने जेवायचे. तसे तो तीन वर्षे जेवतच होता. त्यासाठी बिऱ्हाड हलवण्याचे प्रयोजन काय? घर मार्केट यार्डापासून पायी येता-जाता येईल असेच हवे, हे ठरले आणि शोध बिबवेवाडी, महर्षीनगर, मुकुंदनगर, सहकारनगर या पट्ट्यात आला. स्थानके, पाठशाळा, ओळखीची दुकाने, सारे तेथे होतेच.

पहिले घर चैत्रात पसंत पडले. अरण्येश्वराच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्या आणि मोठी गच्ची. भाव आजूबाजूच्या घरांपेक्षा बराच कमी. दाखवणारे गृहस्थ समाजातलेच, दूरच्या नात्यातले. शेठजींनी त्याच बैठकीत एक्कावन्न हजारांचा विसार दिला आणि शब्दही दिला. चाळीस वर्षांच्या व्यापारात दिलेल्या शब्दावरून ते मागे फिरले नव्हते. तुरीचा भाव रातोरात पडला तेव्हाही नाही.

घर पाहायला बाईंना नेले ते त्यानंतर. गाडीतून उतरल्यावर त्या इमारतीत शिरल्याच नाहीत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या बाकड्यावर टेकल्या आणि मागच्या बाजूची भिंत पाहत म्हणाल्या, “दादा, पलीकडे काय आहे?”

“ओढा आहे, आजी.”

“पाणी येतं का?”

इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री खाली ठेवली आणि स्वतःच्या खांद्याला हात लावून दाखवला. “त्या साली इथवर होतं.”

ते साल २०१९. सप्टेंबरच्या २५ तारखेच्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा पात्र सोडून वस्त्यांत घुसला. भिंती पडल्या, गाड्या काड्यांसारख्या वाहून गेल्या. पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पेशवाईत ज्याचा प्रवाह वळवण्यात आला तोच हा ओढा. एरवी तो इतका बारीक वाहतो की नवख्या माणसाला त्याचे नावही कळत नाही. पुण्याला पाण्याची धास्ती नवी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले ते ज्यांनी पाहिले त्यांतले काही अजून हयात आहेत, आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले ते तर कालपरवाचे. तरीही घर घेणारा माणूस फरशी पाहतो, स्वयंपाकघराचा ओटा पाहतो, पूर्व दिशा पाहतो आणि पावसाचे पाणी कोणीकडे उतरते तेवढे पाहायचे विसरतो. बाईंचे माहेर आणि सासर दोन्ही विंचरणेच्या काठचे. नदीकाठचे घर स्वस्त का मिळते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

परतीच्या वाटेवर गाडीत मोठा वाद झाला. मुलाचे म्हणणे होते की दुसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही. बाई म्हणाल्या, “वर येत नाही, पण खाली उतरायचं कुठून?” विजेचे मीटर तळमजल्यावर, पाण्याचा पंप तळमजल्यावर, गाड्या तळमजल्यावर. यावर मुलगा गप्प बसला. शेठजी मात्र अडले ते निराळ्याच जागी. विसार बुडेल याचे त्यांना दुःख नव्हते. दिलेला शब्द मोडायचा कसा, ही खंत होती. त्या गृहस्थांनी खोटे सांगितले, असेही म्हणता येत नव्हते. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, इतकेच. दोन रात्री शेठजींना झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना हाक मारून विचारले, “पोत्यात खडे निघाले तर तू माल परत करतोस की नाही? का भाव बोललो म्हणून खडे दळून खातोस?”

विसार बुडाला. नात्यात थोडी कटुता आली आणि ती अजून पुरती गेलेली नाही. एवढे मात्र झाले की शेठजी पुढे घर पाहू लागले ते बाजारात धान्य पाहावे तसे. वरचे दाणे पाहून कोणी भाव बोलत नाही. पोत्यात सळई खुपसून आतला नमुना तळहातावर घ्यावा लागतो. ते पहाटे दूध येण्याच्या वेळी एखाद्या गल्लीत जाऊन उभे राहत, मग भर दुपारी, मग रात्री दहा वाजता. वळवाचा पाऊस आला की छत्री घेऊन मुद्दाम निघत.

दुसरे घर बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, चढावर. पाण्याची भीती नाही. अकरावा मजला, फाटकावर तीन पहारेकरी, प्रत्येक वळणावर कॅमेरा, आवारात मंदिर, आणि सर्व बिऱ्हाडे आपल्याच समाजाची. शेठजींचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. प्रकल्पाची नोंद महारेराच्या संकेतस्थळावर मुलाने आधीच पाहून ठेवली होती, तीही चोख निघाली. मग त्याने अग्निशमन व्यवस्थेचे ‘बी’ नमुन्यातील प्रमाणपत्र मागितले. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे ते दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. समितीच्या कार्यालयात बरीच शोधाशोध झाली. कागद काही सापडला नाही. मुलगा जिन्याने उतरू लागला तर प्रत्येक वळणावर चपलांची कपाटे, मुलांच्या सायकली, कोणाचा तरी जुना सोफा. आग लागली तर लिफ्ट बंद आणि जिना असा.

बाई तोवर अकराव्या मजल्यावरच्या बोळात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुपारचे तीन वाजले होते. अर्धा तास त्या बसल्या. एकही दार उघडले नाही. कोणी आले नाही, कोणी गेले नाही. आडनावे पाट्यांवर सारी ओळखीची होती. त्या एवढेच म्हणाल्या, “माणसं आपलीच आहेत, पण दिसत नाहीत.”

आपल्या समाजाने या वाक्याचा थोडा विचार करायला हरकत नाही. एकत्र राहण्यात आधार आहे, आहाराची आणि आचाराची सोय आहे, हे खरेच. परंतु पाटीवरचे आडनाव रात्री दोन वाजता दार उघडेलच असे नाही, आणि निराळे आडनाव असलेला माणूस उघडणार नाही असेही नाही. परक्यांना बाहेर ठेवणारे फाटक कधी कधी आतल्यांनाही एकमेकांपासून दूर ठेवते. जामखेडच्या पेठेत शेजारी शिंपी, समोर तांबोळी, मागे सोनार होते. तेथे शेठजींच्या घराला कुलूप लागत नव्हते.

त्या घराचा निकाल शेवटी सूनबाईंनी लावला. संध्याकाळी साडेसातला त्या मुलीला घेऊन खालच्या बसथांब्यापासून घरापर्यंत पायी चालत गेल्या. रस्ता रुंद, दिवेही होते. पण दोन्ही बाजूंना उंच आवारभिंती, दुकान एकही नाही. हाक मारली तर ऐकणार कोण? शिवाय गंगाधाम चौकाकडचा तो उतार, आणि उतारावरून येणाऱ्या मालमोटारी. मुलगी उद्या दुचाकी मागणार होतीच. सूनबाई घरी येऊन म्हणाल्या, “चोराची भीती मला नाही वाटत, मोटारींची वाटते.” ज्येष्ठ अर्धा सरला होता.

जे घर अखेरीस घेतले ते महर्षीनगरातले, जुन्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरचे. घेतले म्हणजे भाड्याने घेतले. आधी अकरा महिने राहून पाहू, एक पावसाळा काढू, मग विकत घ्यायचे की नाही ते ठरवू, ही मुलाची सूचना. भाड्याच्या घराची शेठजींना लाज वाटली. गावात काय सांगायचे? परंतु विसाराचा अनुभव ताजा होता. करार रीतसर नोंदवला, पोलीस चौकीत भाडेकरूची माहिती दिली. चौकीची पायरी चढताना व्यापारी माणसाचे पाय जड होतात, तसे शेठजींचेही झाले. तेथील हवालदारांनी चहा मागवला आणि आपण होऊन सांगितले, की पहाटे स्थानकात जाणाऱ्या बायकांनी गळ्यातले सोने पदराआड ठेवावे, दुचाकीवरून हिसकावणारे त्याच वेळी फिरतात. अडचणीला ११२ लावा, म्हणाले. तो आकडा सूनबाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून बाईंच्या फोनशेजारी चिकटवला.

घर काही आदर्श नव्हते. एक खोली कमी, गाडी रस्त्यावर, आवाराची भिंत एखादा मुलगा सहज ओलांडेल एवढी, आणि विजेच्या तारा पंचवीस वर्षांच्या. तारा बदलून द्याव्यात ही अट मालकाकडून मान्य करून घेतली. त्यासाठी आठ दिवस खोळंबावे लागले. गल्लीत मात्र पिठाची गिरणी, किराणा, दवाखाना, दूधवाला आणि खाटेवर बसून शेंगा सोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या होत्या. गिरणी रात्री नऊपर्यंत चाले. नात पहिल्याच आठवड्यात कुरकुरली, “आई, इथे सगळे विचारतात कुठे चाललीस.” सूनबाईंनी त्यावर उत्तर दिले नाही. मुलगा गाळ्यावरून वीस मिनिटांत पायी घरी येऊ लागला आणि तीन वर्षांनी ताटावर सर्वांसोबत बसू लागला.

शेठजींच्या मनात एक गोष्ट घोळत होती. घराची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची? समाजातल्या ओळखी पुष्कळ होत्या. त्यांतल्या त्यात जवळचे घर बिबवेवाडीत, रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. एखाद्या रविवारी जाऊन त्यांच्याकडे शब्द टाकू, असे म्हणता म्हणता तीन आठवडे गेले.

आषाढातल्या एका दुपारी बाईंनी गॅसवर दूध ठेवले आणि पायरीवर पावसाचे पाणी आले काय ते पाहायला त्या दाराबाहेर आल्या. वाऱ्याने दार लागले. शहरातले दार, लागले की आपोआप बंद. सूनबाई प्रवचनाला गेलेल्या, नात कॉलेजात, मुलगा आणि शेठजी गाळ्यावर. फोन आत, फोनशेजारी चिकटवलेला आकडाही आत.

शेठजींना हे संध्याकाळी कळले, तेही पातेल्याच्या काळ्या बुडावरून. घर शाबूत होते, बाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. समोरच्या बिऱ्हाडात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आणि त्यांच्या पत्नी राहतात. त्या बाईंनी येऊन दार उघडले, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि जाताना दरडावून गेल्या, की आजी, आता दाराला पाट लावल्याशिवाय बाहेर यायचे नाही.

“त्यांच्याकडे किल्ली कशी?” शेठजींनी विचारले.

“मी दिली.”

“कधी?”

“आपण आलो त्याच दिवशी,” बाई म्हणाल्या. “सामान चढत होतं तेव्हा त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. तुम्ही सगळे कपाट कुठं ठेवायचं यात गुंतला होतात.”

आणि त्यांनी पुन्हा माळ हातात घेतली.