हजेरीतली नावं

नांदुऱ्याच्या उन्हात काढलेला जुना फोटो चेहऱ्यांवरूनच ओळखू येतो. सगळ्यांचे डोळे बारीक, कपाळाला आठ्या, लहान मुलांनी तर डोळे गच्च मिटून घेतलेले. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांचा नियम. म्हणजे समोर उभं राहणाऱ्यांच्या तो थेट डोळ्यांत. बाबांकडे अग्फाचा क्लिक थ्री होता. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा हा कॅमेरा तेव्हा कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पोचला होता. ऊन आहे की ढग एवढं ठरवायचं, माणसांना दहाएक फुटांवर उभं करायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. रोल कधी अग्फाचा, कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. मास्तरांच्या पगारात ते बारा फोटो जपून वापरावे लागत. पोळ्याला घातलेला रोल संक्रांतीला निघायचा.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना हे फोटो हाती आले. अल्बम नव्हता. शाळेच्या हजेरीपटासारखं एक कोरं रजिस्टर होतं आणि त्याच्या पानांवर खळीनं चिकटवलेले फोटो. खळ कसरीला आवडते, त्यामुळे काही पानांच्या कडा कुरतडलेल्या. पण आतलं चित्र जागच्या जागी. कृष्णधवल फोटोत चांदीच्या बारीक कणांनी चित्र धरलेलं असतं. ते नीट धुतलेलं असेल तर शंभर वर्षंही टिकतं. त्याच कपाटातले आमच्या लग्नकार्यांचे रंगीत फोटो वयानं लहान, पण त्यांतली निळाई उडून सगळे चेहरे लालसर झाले आहेत. आजोबा मात्र काळ्यापांढऱ्यात खणखणीत बसलेले दिसतात. त्यांच्या धोतराची चुणीन् चुणी मोजून घ्यावी.

रजिस्टरात अनुक्रमांकाचा, नावाचा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना होता. बाबांनी तो तसाच वापरला. वर फोटो, खाली डावीकडून उजवीकडे माणसांची हजेरी. शेऱ्यात एखादी ओळ: ‘ज्ञानगंगेला पूर, शाळा बंद.’ ‘शेगावहून परत, प्रकटदिन.’ ‘गाडी दोन रात्री रांगेत.’ हा शेवटचा शेरा कापसाच्या गाड्यांच्या फोटोखाली आहे. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि हंगामात खरेदी केंद्रापुढे बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. फोटोत गच्च भरलेल्या गाड्या एकामागे एक दूरवर गेलेल्या आहेत. सगळ्यांत पुढे आमचे काका जुवावर हात ठेवून उभे, डोक्याला उपरणं, दाढी वाढलेली. शेऱ्यातल्या चार शब्दांमुळे ती दाढी कुठून आली ते कळतं. आणखी एका फोटोत हमरस्ता आहे. सायकलवरचा एक माणूस, दोन कडुनिंब आणि वर मोकळं आभाळ. 2001 पासून त्याच रस्त्याच्या कडेला 105 फुटांचा हनुमान उभा आहे, आणि आता नांदुरा म्हटलं की लोकांना तोच आठवतो. ते मोकळं आभाळ बाबांच्या रजिस्टरात राहिलं.

मी पानं पुन्हापुन्हा उलटली, तेव्हा हजेरीतली एक गोष्ट टोचू लागली. पुरुषांची नावं पूर्ण होती, वडिलांच्या नावासकट. मुलांचीही होती. आम्हा लेकींचीही होती, अगदी लाडाच्या नावासह. पोळ्याच्या फोटोत बैलांची नावं ठळक अक्षरांत होती. पण या घरात लग्न होऊन आलेल्या बायकांपुढे फक्त नातं होतं: ‘मोठी वहिनी’, ‘मधली वहिनी’, ‘काकू’. आईच्या नावाच्या जागी ‘सौ.’, बस्स. बाबांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. त्या घरात, त्या गावात त्यांना तशीच हाक मारली जायची, आणि बाबांनी कानांनी ऐकलं ते हातांनी लिहिलं. तरीही ज्या बायकांनी पहाटे उठून चुली पेटवल्या, उन्हाळ्यात वाळवणं घातली, कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी ज्यांची बोटं सोलवटली, त्या आपल्याच घरच्या हजेरीत नावाविना उभ्या होत्या.

खामगावला आत्या असते. रजिस्टर पिशवीत घालून मी तिच्याकडे गेले. तिनं चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि आधी चेहऱ्याकडे न बघता एका लुगड्याच्या काठावर बोट ठेवलं. “हे लुगडं मधलीचं. दिवाळीचं व्हय. एकच व्हतं तिच्याजवळ असं.” मग हळूहळू माणसं यायला लागली. कोण कुठल्या गावची, कुणाला रोडगे चांगले जमायचे, कुणाचा गळा गोड, कोण जात्यावर बसली की अख्खी गल्ली ऐकायची. मी विचारलं, “आत्या, माहेरचं नाव काय होतं तिचं?” आत्या थांबली. म्हणाली, “थांब पोरी. त्या नावानं तिले हाक मारनारं इथं कोनी नव्हतं ना.” बऱ्याच वेळानं तिला ते आठवलं. दोन अक्षरांचं नाव. ते तोंडून निघालं तशी आत्याच पदर डोळ्यांना लावून बसली. लग्नात नाव बदललं आणि मग बदललेलं नावही ‘मधली वहिनी’ या हाकेखाली दबलं. दोन नावं असलेल्या बाईला हजेरीत एकही नाव नव्हतं.

त्या दिवशी मी आत्यानं सांगितलेली नावं मऊ पेन्सिलीनं रजिस्टरात लिहिली, आधी माहेरचं, मग सासरचं. बाबांच्या अक्षराला हात लावला नाही. त्यांच्या ओळीखाली जागा होती, तिथंच लिहिलं.

मुंबईत अनुषा यादव यांनी 2010 मध्ये ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. देशभरातल्या घरांतले जुने फोटो तिथं गोळा होतात आणि प्रत्येक फोटोसोबत त्या घरच्या माणसानं सांगितलेली हकीकतही जपली जाते. हकीकतीसकट फोटो घ्यायचा, हा आग्रह मला आत्याशेजारी बसल्यावर पुरता पटला. नाव गेलं की घरचा फोटो कुणाचाही होतो. जुन्या बाजारात अशा गठ्ठ्यांनी पडलेले नवरानवरीचे, बारशाचे फोटो मी पाहिले आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी नावानं हाक मारलीच असेल.

आता एक जागा रिकामी आहे. एका फोटोत अंगणातल्या तुळशीमागे एक तरुण बाई उभी आहे. पदर कपाळापर्यंत, कडेवर मूल, आणि सगळे डोळे बारीक करत असताना ही एकटी सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे. खाली लिहिलंय ‘धाकटी वहिनी’. ती लवकर गेली. आत्याला तिचा आवाज आठवतो, हसणं आठवतं, नाव आठवत नाही. मात्र गाव आठवतं: पूर्णेपलीकडचं, जळगाव जामोदच्या अंगाला. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या घरानं लेकींची नावं लिहिली तशी तिच्याही घरानं लिहिली असतील. आमच्या रजिस्टरातली निनावी वहिनी तिथल्या कुठल्यातरी वहीत, पोथीच्या कव्हरवर किंवा भावाच्या आठवणीत आपल्या नावानिशी असेल. बाबांचं रजिस्टर अपुरं राहिलं, कारण त्याचा उरलेला भाग दुसऱ्या गावांत आहे. घराघरांतून सुना आल्या, तशी ही हजेरीही घराघरांत विखुरली आहे.

फोटो टिकतील. चांदीला घाई नाही. घाई आहे ती आत्यासारख्या माणसांची. त्यांचं वय झालंय, आणि त्यांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच कपाटात सापडणार नाही. म्हणून ज्यांच्या घरी असे फोटो असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: चिकटवलेले फोटो उपसू नका, पानासकट त्यांची प्रत काढा, आणि ती घेऊन घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईसमोर बसा. आधी बायकांची नावं विचारा. पुरुषांची कुठंतरी सापडतील, सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, भांड्यांवर.

या आठवड्यात मी पूर्णेवरचा येरळीचा पूल ओलांडून पलीकडे जाणार आहे. धाकट्या वहिनीच्या फोटोची मोठी प्रत सोबत आहे. तिच्या माहेरी भाऊ असेल, भाचे असतील, नाहीतर शेजारची एखादी म्हातारी असेल. मी त्यांना नाव विचारीन, आणि फोटोची प्रत त्यांच्याकडेच ठेवून येईन. ती त्यांचीही लेक आहे.