फटफटीवरून पसरणीचा घाट

मोटरसायकलला आपल्याकडे ‘फटफटी’ का म्हणतात, सांगा पाहू? अगदी सोप्पं आहे. पूर्वी गावात मोटरसायकल येणार असली की ती दिसायच्या आधी ऐकू यायची. फट्‌ फट्‌ फट्‌! पोरं खेळ सोडून वेशीकडे धावायची. लोकांनी तिचं बारसं डोळ्यांनी नाही, कानांनी केलं.

पण दोस्तांनो, सगळ्या फटफट्या एकसारख्या बोलत नाहीत बरं का! जुनी बुलेट जाते ती ‘डग्‌... डग्‌... डग्‌’ करत, गावच्या पाटलासारखी सावकाश. जावा किंवा येझदी मात्र ‘टंग-टंग-टंग-टंग’ अशी घाईघाईत बोलते. का? बुलेटचं इंजिन फोर-स्ट्रोक. त्यात क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की एकदा पेट्रोल पेटतं. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात प्रत्येक फेरीला पेटतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० ठिणग्या आणि ५० छोटे स्फोट! ते मोजता येत नाहीत, पण पोटात जाणवतात.

आज मी तुम्हाला अशाच एका येझदीच्या मागच्या सीटवर बसवणार आहे. हेल्मेट घातलंत? पट्टा नीट आवळलात? मग चला, वाईहून पाचगणीला!

गाडी माझ्या मामाची. मॉडेल १९७५ सालचं, म्हणजे २०२५ साली तिला पन्नास वर्षं पूर्ण झाली. रंग गडद लाल, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत क्रोम, त्यात आपला चेहरा लांबट दिसतो. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. चावी म्हणाल तर खिळ्यासारखी.

हिचं घराणं मोठं फिरस्तं. १९२९ साली प्राग शहरात फ्रान्टिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने जर्मनीतल्या वाँडरर कंपनीच्या मोटरसायकलचा आराखडा घेतला आणि स्वतःच्या गाड्या बनवायला सुरुवात केली. यानेचेकमधला ‘जा’ आणि वाँडररमधला ‘वा’, झाली ‘जावा’! पुढे १९६० साली म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभा राहिला आणि जावा आपल्या देशात तयार होऊ लागली. १९७३ पासून तिथल्या गाड्यांवर ‘येझदी’ हे नाव आलं. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं पुन्हा नव्या गाड्यांवर झळकली, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक. आपली टंग-टंग करणारी ती १९९६ पर्यंतचीच. म्हणजे हिचा एखादा भाग मोडला, तर तो बनवणारा मूळ कारखाना आता नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता गाडी सुरू करू या. किक कुठे आहे? शोधा, शोधा! सापडली नाही ना? अहो, गिअरचा दांडा आहे ना, तो आत दाबायचा आणि वर फिरवायचा. झाली किक! एकाच दांड्यावर दोन कामं. आणखी एक गंमत म्हणजे, गिअर टाकताना हाच दांडा क्लचही आपोआप सोडवतो.

त्याआधी खुराक मात्र नीट द्यायला हवा. हिच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, एका लिटरला साधारण ४० मिलिलिटर. ते पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टनला वंगण देतं आणि जळून जातं. त्याचाच तो निळसर धूर आणि तो खास वास. मामाला तो वास अत्तरासारखा वाटतो. पण खरं सांगायचं तर हा धूर हवेला चांगला नाही. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकली बाजारातून गेल्या, त्यामागे हेच मोठं कारण.

निघालो! कृष्णेच्या काठचा ढोल्या गणपती मागे राहिला. थोड्याच वेळात पसरणी गाव. शाहीर साबळे याच गावचे. गाव संपतं न संपतं तोच रस्ता मान वर करतो.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, तर पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. मधे बाराएक किलोमीटरचा घाट. हिशेब करा पाहू. दर २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर! नवी गाडी हे अंतर गुणगुणत कापते. आपली येझदी मात्र बोलून दाखवते. चौथ्या गिअरमध्ये आवाज जड झाला की मामा तिसरा टाकतो. वळण आलं की दुसरा. पायाखाली खट्‌, इंजिन पुन्हा उल्हासाने टंग-टंग-टंग. गाडी डावीकडे कलते, आपणही तिच्याबरोबर कलायचं. घाबरून उलट्या बाजूला झुकायचं नाही हं! मग लगेच उजवीकडचं वळण. कठड्यापलीकडे दरी, दरीत शेतांचे हिरवे-पिवळे चौकोन. समोरचा वारा गालांवर आपटतोय. गाडीचा काटा चाळिशीच्या पुढे नाही, तरी वाटतं आपण उडतोय! जुन्या गाडीची हीच जादू. तिथे वेग आकड्यात नसतो, अंगात असतो.

अर्ध्या घाटात मामा गाडी कडेला घेतो. इंजिनाला पाणी-बिणी नाही, सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्यांना वारा लागेल तेवढंच ते थंड होणार. चढावर कष्ट जास्त आणि वारा कमी. दहा मिनिटं विसावा द्यावा लागतो. तोवर खाली बघा. ते चमकतंय ते धोम धरणाचं पाणी. त्याच बाजूला नाना फडणविसांच्या वाड्याचं मेणवली. आणि ऐका, तापलेलं इंजिन थंड होताना ‘टिक्‌... टिक्‌’ करतंय.

याच जागी दर वेळी एक भांडण होतं. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला त्याचे मित्र अण्णा. अण्णांकडेही एक जुनी जावा आहे. तिचा प्रत्येक नट मूळचा. आणि मामाने आपल्या गाडीत तीन बदल केलेत.

पहिला बदल दिव्याचा. या गाडीची वीज होती ६ व्होल्टची. आता विज्ञानाचं पुस्तक आठवा. ३६ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर लावला तर ६ अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर मात्र ३ अँपिअर पुरतो. प्रवाह दुप्पट झाला की तारांमध्ये वाया जाणारी वीज चौपट! त्यात तारा पन्नास वर्षांच्या आणि इंजिन हळू फिरलं की डायनामोची वीज कमी. म्हणजे अंधाऱ्या घाटात, हळू वळणावर, उजेड हवा तिथेच दिवा मिणमिणणार. मामाने सगळं १२ व्होल्टवर नेलं.

दुसरा बदल ठिणगीचा. पूर्वी ‘पॉइंट’ नावाचे दोन छोटे धातूचे तुकडे उघडझाप करून ठिणगी पाडायचे. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. सेकंदाला पन्नास वेळा उघडझाप म्हटल्यावर ते झिजणारच! मामाने तिथे इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बसवली. तिसरा बदल ब्रेकचा. डिस्क ब्रेक नाही बसवला, कारण त्यासाठी पुढचं चाक आणि फोर्कच बदलावा लागला असता. फक्त ड्रम आतून साफ घासून घेतला, नवं लायनिंग आणि नव्या केबल टाकल्या. इंजिन, सांगाडा, सायलेन्सर, रंग यांना हात लावला नाही. आरटीओच्या नियमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करताही येत नाहीत.

“अरे, पण तिचा मूळपणा गेला!” अण्णा कळवळून म्हणतात. “पन्नास वर्षं झाली ना? व्हिंटेज म्हणून नोंदणी करून टाक.”

अण्णांचं म्हणणं खोटं नाही. २०२१ साली सरकारने नियम केला, की पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. इंजिनात, सांगाड्यात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं येतात. ठिणगीची व्यवस्था हा इंजिनाचा भाग धरायचा की नाही, यावर दोघं तासभर वाद घालू शकतात! पण त्याच नियमात असंही आहे, की व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा मोजक्या कामांसाठीच.

“मग ही घाटात कधी यायची?” मामा विचारतो. तो दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी तपासून घेतो, पर्यावरण कर भरतो, नोंदणी वाढवून घेतो. एकाने गाडीचं रूप जपलं, दुसऱ्याने तिचं चालणं जपलं. तुम्ही असता तर काय केलं असतं? उत्तर द्यायची घाई करू नका. आधी घाट उतरून दाखवतो.

पाचगणी आली. टेबललँडवर गाडी नेता येत नाही, तिथे पायीच भटकायचं. भटकून होईस्तोवर संध्याकाळ झाली, आणि पावसाळ्यात इथे होतं तेच झालं. सिल्व्हर ओकच्या झाडांमधून धुकं रस्त्यावर उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना.

लोकांना वाटतं चढ अवघड, उतार सोपा. अगदी उलट! गाडी आणि आपण दोघं मिळून धरा २७० किलो. एवढं वजन ६०० मीटर खाली आणायचं, तर जी ऊर्जा सुटते तिच्यावर सुमारे पाच लिटर साधं पाणी उकळीपर्यंत तापेल. ती उष्णता जाणार कुठे? काही वाऱ्यात, काही इंजिनात, उरलेली ब्रेकमध्ये. ड्रम तापला की फुगतो, लायनिंगपासून लांब सरकतो, पकड ढिली होते. ब्रेकचा दांडा मुठीच्या जवळ जवळ येऊ लागतो. म्हणून मामा ब्रेकवर भरवसा ठेवत नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं.

पण इथेही मेख आहे! ॲक्सिलरेटर बंद, म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद. आणि ऑइल कशातून येतं? पेट्रोलमधूनच! इंजिन वेगाने फिरतंय आणि वंगण नाही, असं फार वेळ झालं तर पिस्टन जाम होऊ शकतो. जाम झाला की मागचं चाकही अडकतं, तेही ओल्या घाटात. म्हणून मामा मधूनमधून क्लच दाबतो आणि मूठ थोडी पिळतो. टंगंगंग! जणू गाडीला घोटभर पाणी पाजतो. जुनी गाडी चालवणं म्हणजे सतत तिच्याशी बोलणं.

धुक्यात दोन पिवळे डोळे दिसले. एसटी! चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम. मामाने डावीकडे घेतलं, दिवा खाली केला. ब्रेकचा दांडा दाबला आणि गाडी थांबली, मुकाट्याने. बस अंगावरून गरम हवा सोडत निघून गेली. त्या क्षणी आमचा उजेड ६ व्होल्टचा असता तर चालकाला आम्ही दिसलो असतो का? मागे बसून मला एवढंच कळलं, की मामाचे ते तीन बदल हौसेचे नव्हते.

वाईत गॅरेजपाशी थांबलो. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी गाडी बंद करू दिली नाही. डोळे मिटून अर्धा मिनिट आवाज ऐकला आणि म्हणाले, “चेन सैल झालीय. उद्या आणा.” ना मीटर, ना कॉम्प्युटर! कारखाना बंद झाला तरी गाड्या चालतायत त्या अशा कानांच्या जिवावर. हे कान शिकवायला शाळा नाही. शेजारी उभं राहून, हात काळे करूनच ते मिळतात.

तर दोस्तांनो, गिअरची गाडी चालवायला १८ वर्षं आणि परवाना हवाच, तोवर मूठ पिळायची नाही. पण ऐकायला वयाची अट नाही! जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. तुमच्या गावात असा मेळा असला तर जरूर जा. नाहीतर गल्लीतल्या गॅरेजात एखाद्या रविवारी उभे राहा. मिस्त्रीकाकांना पान्हा देता देता विचारा, “काका, हा आवाज कशाचा?” ते नक्की सांगतील. इतकी वर्षं कुणीतरी विचारावं म्हणून ते वाटच बघत असतात.