आमचा दादा ट्रान्सपोर्टमध्ये आहे

मागच्या महिन्यात आमच्या कॅन्टीनमध्ये एक जण जाम एक्साइट होऊन सांगत होता. ‘रिक्षा रन’ नावाचा एक सॉलिड प्रकार आहे म्हणे! २००६ पासून एक ब्रिटिश कंपनी तो आपल्याकडे भरवते. जगभरातली मंडळी पैसे भरून येतात, रंगीबेरंगी रंगवलेली रिक्षा ताब्यात घेतात आणि कोची, जैसलमेर, शिलाँग अशा कुठल्यातरी टोकाहून दुसऱ्या टोकाकडे सुटतात. ठरलेला रस्ता नाही, मागून मदतीची गाडी नाही. रिक्षा वाटेत बंद पडणार हे तर गृहीतच. खरी मजा त्यातच आहे म्हणे. "बॉस, आपण पण करू या ना! नुसती धम्माल!"

मी म्हटलं, "मी केलंय."

टेबल गप्प. "कधी? कुठून कुठे?"

"काळेवाडी ते इस्लापूर. तीन दिवस. सहा वेळा बंद पडली."

इस्लापूर कुठे, हे अर्थातच कोणाला माहीत नव्हतं. नांदेड जिल्हा, किनवट तालुका. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा कधी ऐकला असेल, तर त्याच्या अलीकडचं गाव. "फोटो दाखव ना मग!" म्हणाले. फोटो एकच आहे. तो का एकच आहे आणि कोणी काढला, त्याचीच ही गोष्ट.

टपरीपाशी उतरणारा मुलगा

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बारावीनंतर तो पिंपरीला आला. आधी एका वर्कशॉपमध्ये हेल्पर, मग दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर, मग कर्ज काढून स्वतःची. मी दहावीला बरे मार्क पाडले, तेव्हा गावात सगळे म्हणाले, याला लातूरला घाला. ‘लातूर पॅटर्न’चे दिवस होते ते. २००८ मध्ये दादाने मला लातूरला एका खोलीत आणून सोडलं. एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि मेसचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. पुढे इंजिनीअरिंगची चार वर्षंही मीटरवरच निघाली. आधी शिफ्टच्या रिक्षाच्या आणि मग याच २०१२ च्या रिक्षाच्या.

नोकरी लागली हिंजवडीत. दादा कधीकधी सकाळी सोडायला यायचा. मी मात्र कंपनीच्या गेटच्या अलीकडे, चहाच्या टपरीपाशी उतरायचो. "इथेच थांब, पुढे ट्रॅफिक असतं," असं म्हणायचो. ट्रॅफिक नसायचं. ऑफिसात कोणी विचारलं, भाऊ काय करतो, तर माझं उत्तर ठरलेलं : "ट्रान्सपोर्टमध्ये आहे." लोकांना वाटायचं, दहा-वीस ट्रक असतील. मी काही ते खोडून काढायचो नाही.

पास, पेट्रोल आणि पहाटेचे चार

मग आला मार्च २०२०. २५ तारखेपासून सगळं ठप्प. मी वाकडच्या फ्लॅटवर लॅपटॉप उघडून बसलो, पगार चालू होता. दादाची रिक्षा काळेवाडीच्या गल्लीत उभी, आणि हप्ता काही उभा राहत नव्हता. वहिनी आणि पोरं होळीला गावी गेलेली, ती तिकडेच अडकली. मे उजाडला. मृग तोंडावर आला. गावाकडे आबा एकटेच.

एके रात्री दादाचा फोन आला. "बारक्या, ॲटोनंच जाऊ गावाकडं."

मला वाटलं, मस्करी करतोय. सहाशेच्या आसपास किलोमीटर! एरवी रात्री ट्रॅव्हल्समध्ये झोपायचं आणि सकाळी नांदेडला उतरायचं, एवढाच तो प्रवास मला माहीत. पण त्याच दिवसांत टीव्हीवर मुंबई-नाशिक महामार्ग दाखवत होते. उत्तर प्रदेश, बिहारकडे निघालेल्या रिक्षांची रांगच रांग. आत बायका-पोरं, टपावर बोचकी. ती माणसं दीड-दीड हजार किलोमीटर जात होती. त्यांच्यापुढे आमचं इस्लापूर म्हणजे किस झाड की पत्ती!

पोलिसांचा ऑनलाइन पास तिसऱ्या अर्जाला मिळाला. मॅनेजरला सांगितलं, गावाहून काम करतो. कसा जाणार, ते सांगितलं नाही. सामान भरलं : दोन बॅगा, एक स्टोव्ह, पाण्याचे दोन कॅन, दोन क्लच वायरी, एक ॲक्सिलरेटर वायर, दोन प्लग, स्टेपनी. आणि माझा लॅपटॉप, टॉवेलात गुंडाळून. पहाटे चारला निघालो.

आता रिक्षाचं एक गणित समजून घ्या. पुण्यातली रिक्षा धावते सीएनजीवर. पेट्रोलची टाकी असते, पण अगदी छोटी, अडीअडचणीपुरती. इंदापूरच्या पुढे आम्हाला गॅस मिळण्याची खात्री नव्हती. म्हणजे पुढचा सगळा रस्ता पेट्रोलवर, दर थोड्या अंतराने पंप गाठत. वेग पस्तीस ते चाळीस. उन्हाचा पारा त्याच्याही वर.

पहिला दिवस : तीन वेळा

पहिल्यांदा बंद पडली भिगवणला. क्लच वायर तुटली. उजनीच्या ज्या पाण्यावर पुण्याची मंडळी वीकेंडला कॅमेरे घेऊन पक्षी बघायला येतात, त्याच्या काठाशी दादा रस्त्यावर आडवा झाला आणि वीस मिनिटांत नवी वायर घातली. मी तुटलेली वायर झुडपात भिरकावणार, तेवढ्यात ओरडला, "फेकू नको! कामाला येती." सीटखाली ठेवून दिली.

दुसऱ्यांदा टेंभुर्णीच्या अलीकडे पंक्चर. पंक्चरवाल्याचं शटर अर्धं बंद. आधी त्याने लांबूनच विचारलं, "पुण्याहून का?" आम्ही हो म्हटल्यावर काठीने चाक ओढून घेतलं आणि काठीनेच परत दिलं. पण पंक्चर काढलं, पैसे ठेवायला एक डबा दाखवला आणि जाताना बायकोकरवी चार भाकरी आणि ठेचा पाठवला. तोसुद्धा लांबूनच, दगडावर ठेवून.

तिसऱ्यांदा कुर्डुवाडी सोडल्यावर. आता पेट्रोल चालू होतं आणि इंजिन आचके द्यायला लागलं होतं. दहा-पंधरा किलोमीटर बरी चालायची, मग फट-फट करून गप्प. दादाने प्लग काढला. काळाकुट्ट. पॉलिश पेपरने घासला, पुन्हा बसवला. बार्शीच्या बाहेर एका बंद धाब्याच्या पडवीत रात्र काढली. मला झोप येईना. दादाला म्हटलं, ही गाडी पोचवेल का आपल्याला?

"बजाजची हाय. वाळूजला बनलेली," तो म्हणाला. "ती बी आपल्यासारखीच. मराठवाड्यातून पोटासाठी पुण्याला गेलेली. गावाकडं तोंड केलंय तर जाईल की."

दुसरा दिवस : चार वाजताचा कॉल

येडशी ओलांडली, मुरूड मागे पडलं. लातूर पंचवीसेक किलोमीटर राहिलं आणि रिक्षा चौथ्यांदा गप्प झाली. यावेळी प्लग घासून काही होईना. पावणेचार वाजलेले. चारला माझा टीम कॉल. रिलीजचा आठवडा, चुकवणं अशक्य. एका बाभळीच्या विरळ सावलीत रिक्षा ढकलली, मागच्या सीटवर मांडी घालून लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट जोडलं. कॅमेरा बंदच ठेवणार होतो. घामेजल्या बोटाने नको तिथे दाबलं गेलं आणि पंधरा जणांच्या स्क्रीनवर मी झळकलो. वर रेक्झिनचं टप, मागे छोटी खिडकी, आणि खिडकीपलीकडे ग्रीसने माखलेला दादा.

"तू रिक्षात बसलायस का?" मॅनेजरने विचारलं.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. भाड्याने केलीय. बस नव्हती ना. एवढं बोललो असतो तर विषय तिथेच मिटला असता.

तेवढ्यात मला खिडकीत हालचाल दिसली. दादा खाली वाकला होता. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. मी काही न सांगता, आपणहून, एखाद्या सवयीच्या गोष्टीसारखा.

मी म्हणालो, "माझ्या दादाची आहे. तो पुण्यात रिक्षा चालवतो. आम्ही गावाला निघालोय आणि गाडी बंद पडलीय."

दोन-तीन सेकंद कोणीच बोललं नाही. मग टेस्टिंगमधला एक जण, ज्याच्याशी मी दोन वर्षांत बग सोडून कशावरच बोललो नव्हतो, त्याने माइक ऑन केला. "पेट्रोलवर चालवताय ना? सीएनजीच्या गाडीत पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षं नुसती पडून असते. आत गंज, कचरा. तो कार्बोरेटरमध्ये जातोय. जेट साफ करा आणि टाकी बायपास करा. बाटली टांगा, सलाइनसारखी." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या पप्पांचं गॅरेज आहे, जयसिंगपूरला."

दादा आता उठून खिडकीशी आला होता. "जेट कशानं साफ करू, विचार त्याला. सुई नाही आपल्याकडं."

"क्लच वायर असेल तर तिची एक तार सोडवा. बरोबर जाते."

दादाने माझ्याकडे बघितलं. सीटखाली हात घातला आणि कालची तुटकी वायर बाहेर काढली. असा चेहरा मी त्याचा यापूर्वी एकदाच पाहिला होता, माझ्या कॅम्पस सिलेक्शनच्या दिवशी.

रिलीजचा कॉल पंधरा मिनिटं कार्बोरेटरवर चालला. मॅनेजरही थांबला. कोणीतरी स्क्रीनशॉट काढला. तोच तो एकमेव फोटो : मी लॅपटॉपकडे बघतोय आणि खिडकीतून दादाचा हात आत आलाय, त्यात एक तार.

बाटली मागे दोरीने टांगली, नळी जोडली, आणि पहिल्या झटक्यात इंजिन चालू! (हे घरी करून बघू नका. उन्हात, इंजिनवर टांगलेली पेट्रोलची बाटली ही काही सेफ आयडिया नव्हे. आमच्यापुढे दुसरा इलाज नव्हता, इतकंच.)

लातूरमधून जाताना

संध्याकाळी लातूरमध्ये शिरलो. ट्यूशनचे भलेमोठे बोर्ड होते, टॉपर पोरांचे फोटो होते, रस्त्यावर पोरगं एकही नव्हतं. दादाने एका कोपऱ्यावर रिक्षा हळू केली. "इथं सोडलं होतं तुला. मी वळलो की रडायला लागलास."

"तुला दिसलं होतं?"

"आरशात दिसतंय की सगळं." थोडं पुढे गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "टपरीपाशी उतरायचास, ते बी कळत हुतं."

मला काय बोलावं सुचेना. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? मला बी वाटायचं, पोराचं नवं हाय तिथं. आपल्यापायी अडचण नको."

यावर सॉरी म्हणणं मला जमलं नाही. आमच्याकडे भावाभावांत सॉरी म्हणायची पद्धतही नाही. मी म्हटलं, "थोडा वेळ मी चालवू?" तो म्हणाला, "लायसन हाय का?" आणि आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो.

रात्र अहमदपूरच्या बाहेर रिक्षातच काढली. एक जण सीटवर, एक जण खाली. तिसऱ्या दिवशी लोह्याजवळ पाचव्यांदा बंद पडली, ॲक्सिलरेटर वायर. मदतीला आलेल्या शेतकऱ्याने विचारलं, "ॲटोला काय झालं?" तेव्हा लक्षात आलं, लातूरपासून कोणी ‘रिक्षा’ म्हणतच नव्हतं. बायकी रिक्षा वाटेत कुठेतरी पुल्लिंगी ॲटो झाली होती. घर जवळ आलं होतं.

नांदेड बाहेरूनच टाकलं. भोकर, हिमायतनगर, मग दोन्ही बाजूंना ती ओळखीची काळी रानं, नांगरून पावसाची वाट बघणारी. गाव एक किलोमीटरवर आलं आणि बाटलीतलं पेट्रोल संपलं. सहावी वेळ. पंप मागे राहिला होता. म्हणून शेवटचा एक किलोमीटर आम्ही ढकलत गेलो. दादा हँडलवर, मी मागून. नऊ वर्षांचा पुतण्या रस्त्यावर धावत आला आणि दहा पावलांवर थबकला. त्याला कोणीतरी बजावलं होतं, जवळ जायचं नाही. चौदा दिवस शाळेच्या खोलीत काढले आम्ही. वहिनी फाटकाशी डबा ठेवून जायची. मी तिथूनच रिलीज पार पाडलं. दादा रोज सकाळी ग्राउंडवरच्या लिंबाखाली उभी असलेली रिक्षा पुसायचा.

तो परत पुण्याला आला नाही. खेटे घालून कागदपत्रं केली आणि एमएच-१४ ची एमएच-२६ झाली. आता पावसाळ्यात सहस्रकुंडला लोक येतात, त्यांना तो इस्लापूरहून धबधब्यापर्यंत सोडतो. बाकी वेळ आबांबरोबर शेती. पेट्रोलची टाकी नवीन बसवलीय. जयसिंगपूरच्या त्या मित्राशी तो अजून फोनवर बोलतो, माझ्यापेक्षा जास्तच.

तर कॅन्टीनमध्ये मी तो स्क्रीनशॉट दाखवला. नवीन लागलेल्या एका मुलीने विचारलं, "हा हात कोणाचा?"

"आमच्या दादाचा," मी म्हटलं. "रिक्षा चालवतो. इस्लापूरला. गेलात तर नंबर देतो."