कंबर सांभाळून नेम

रायफल शूटिंगमध्ये नेम तीन प्रकारे धरतात: गुडघा टेकून, पालथं झोपून आणि उभं राहून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं, ते या तिन्ही प्रकारांच्या एकत्र स्पर्धेत. त्यात शेवटचा टप्पा उभं राहण्याचा असतो आणि पदकं तिथेच ठरतात. स्टाफरूममध्ये सगळे मोबाईलवरच्या आकड्यांकडे बघत होते. मी त्याच्या कमरेकडे बघत होते, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या कमरेचा एमआरआय झाला होता.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. रायफलशी माझा संबंध आला तो लेकीमुळे. ती नववीत असताना नागपूरच्या एका रेंजवर जाऊ लागली. रविवारी जाम चौरस्त्यावर एसटी धरायची, बुटीबोरीवरून नागपूर गाठायचं आणि तिचा सराव संपेपर्यंत मी बाकावर बसून वह्या तपासायच्या. एक दिवस तिचे कोच म्हणाले, "मॅडम, नुसत्या बसण्यापेक्षा तुम्हीच का उभ्या राहत नाही?" मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. फुफी म्हणाल्या, "इस उमर में बंदूक?" पुढे त्याच फुफींनी मोहल्ल्यात कौतुकाने सांगितलं, तो भाग वेगळा.

दहा मीटर एअर रायफल हा प्रकार फक्त उभं राहूनच खेळतात. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर रुंद. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. साठ छर्रे, वेळ सव्वा तास.

हे वजन हातांनी पेलायचं नसतं. स्नायू थकतो आणि थरथरतो, हाड थकत नाही. म्हणून उजव्या हाताचा नेमबाज लक्ष्याकडे डावी कूस करून उभा राहतो, कमर किंचित लक्ष्याच्या बाजूला ढकलतो आणि डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो. रायफलचं वजन तळहातातून, कोपरातून, कमरेतून थेट डाव्या पायात उतरतं. पण पुढे एवढं वजन आलं की तोल सांभाळायला धड मागे न्यावं लागतं, शिवाय लक्ष्याकडे थोडं वळवावंही लागतं. बाहेरून बघणाऱ्याला माणूस नुसता उभा दिसतो. आत पाठीचा कणा मागे वाकलेला असतो, एका बाजूला झुकलेला असतो आणि पिळलेलाही असतो.

माझ्या डॉक्टरांना मी ही ठेवण त्यांच्या खोलीतच करून दाखवली. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मागे वाकणं, कुशीला झुकणं आणि पिळणं, तिन्ही एकदम, वर वजन. कमरेसाठी याहून वाईट काय शोधलं असतं तुम्ही?" चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली होती. डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या यायच्या.

हे दुखणं माझ्यासारख्या हौशी बाईपुरतंच नाही. अभिनव बिंद्रा 2006 मध्ये झाग्रेबला जागतिक विजेता झाला आणि त्याच वर्षी पाठीच्या दुखण्यामुळे दोहाच्या आशियाई स्पर्धेला मुकला. 2008 च्या बीजिंगचं सुवर्णपदक त्याच पाठीने मिळवलं. पण त्याच्या दिमतीला जे होतं ते आपल्याकडे नसतं, म्हणून "बिंद्राने केलं तर मी का नाही" असं मी कुणाला सांगणार नाही.

माझ्यापुढे प्रश्न पदकाचा नव्हताच. त्या दोन महिन्यांत रुकू आणि सजदा बंद झाले होते, नमाज खुर्चीवर चालली होती. ज्याने कधी सजदा सोडलेला नाही त्याला त्याची कमतरता कशी जाणवते, हे लिहून सांगता येत नाही. आमच्या घरच्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "सजदा पहले, निशाना बाद में." त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. रायफल सुटली तर सुटली, पण रायफलपायी सजदा जाऊ द्यायचा नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

खुर्चीवरून आठवण झाली ती माझ्या अम्मीची. तिची कंबर आणि गुडघे दोन्ही गेलेले, तरी ती खुर्ची घ्यायला तयार नव्हती. भिंतीला धरून कियाम करायची, रुकूत कण्हायची. बसून नमाज म्हणजे अर्धी नमाज, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शेवटी आमच्या मस्जिदीच्या इमामसाहेबांनी तिला हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची हकीकत सांगितली. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजबद्दल विचारलं तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी उभं राहून पढायला सांगितलं, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. सहीह बुखारीत ही हदीस आहे. खुर्चीचे बारीक मसले ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावेत. मी सांगते आहे ते एवढंच, की जे फर्ज आहे ते सुटू नये म्हणून दीननेच शरीराला जागा करून दिली आहे.

मग माझ्या मनात आलं, रेंजवर फर्ज काय आणि नुसता रिवाज काय, हे कुणी तपासलं आहे का? मी नियम काढून वाचले. दोन्ही पाय जमिनीवर असावेत, शरीराला दुसरा कसलाही आधार नसावा, रायफल दोन्ही हातांनी, खांद्याजवळ आणि गालाशी धरावी. डावं कोपर छातीवर किंवा कमरेवर टेकवता येतं. पाठ किती वाकवायची याबद्दल एक अक्षर नाही! ते वाकणं भिंतीवरच्या चित्रातून आलेलं. नियमांनी एक वाट मात्र बंद केली होती. शरीराची हालचाल जखडणारी साधनं वापरता येत नाहीत, म्हणजे कमरपट्टा आवळून स्पर्धेत उभं राहणं नाही. ताठ कापडाच्या जॅकेटचाच काय तो आधार, आणि त्याच्या जाडीलाही मर्यादा आहे.

पाय सुन्न होणं थांबलं, डॉक्टरांनी हो म्हटलं, तेव्हाच मी परत गेले. कोचना सांगितलं, मला चित्रासारखं उभं राहायचं नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पाना काढला.

पहिलं काम वजनाचं. नळीवर लावलेली जादा वजनं काढली. रायफल हलकी झाली, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिचा तोल मागे, माझ्याकडे सरकला. पुढचं वजन जेवढं कमी तेवढं मागे वाकणं कमी, हा साधा तराजूचा हिशेब आहे. दुसरं उंचीचं. आधी रायफल माझ्या तळहातावर सपाट असायची. आता ती मुठीवर ठेवते, त्यामुळे ती चार बोटं वर येते. दोन्ही साईट खाली ठोकळे घालून उंच केल्या आणि खांद्याला टेकणारा मागचा भाग खाली घेतला. एवढ्याने मान सरळ झाली. आधी मी डोकं रायफलकडे नेत होते, आता रायफल डोक्याकडे येते. तिसरं पायांचं. दोन्ही पावलं थोडी लांब केली आणि अंगासकट लक्ष्याकडे किंचित वळवली. पूर्वी पाय एकीकडे आणि खांदे दुसरीकडे होते. पीळ नेमका तिथेच पडत होता.

माझे हात आखूड आहेत, म्हणून कोपर कमरेपर्यंत आणायला मला इतरांपेक्षा जास्त वाकावं लागायचं. लांब हातांच्या बाईला कदाचित यातलं निम्मंही करावं लागणार नाही. दुखण्याचाही प्रकार वेगळा असतो. कुणाला पुढे वाकल्यावर दुखतं, कुणाला मागे. माझे बदल तसेच्या तसे उचलू नका.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो ज्याला शूटिंग म्हणताच येणार नाही त्याचा. प्रत्येक छर्ऱ्यानंतर रायफल स्टँडवर ठेवायची. दहा सेकंदांत छर्रा सुटला नाही तर हट्ट न करता खाली घ्यायची. दर दहा छर्ऱ्यांनी स्टुलावर बसायचं. सव्वा तासात साठ छर्रे म्हणजे एकेकाला सव्वा मिनिट मिळतं, घाई कुणीच सांगितलेली नाही. घरी पोटाच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचा व्यायाम रोज, फज्रनंतर पंधरा मिनिटं. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

किंमत मोजावी लागली. साठ छर्ऱ्यांचे जास्तीत जास्त गुण होतात 654. मी आधी 590 च्या आसपास होते. नव्या ठेवणीत पहिल्या महिन्यात 560 वर आले, कारण पाठ जेवढी सरळ तेवढं स्नायूंचं काम वाढतं आणि रायफल हलते. आज 580 च्या थोडं वर आहे. कोच म्हणतात, जुनी ठेवण धरलीत तर सहाशे दूर नाही. त्यांचं म्हणणं खरं असेल. मला ते सहाशे नको आहेत.

मग सोडूनच का देत नाही, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांची गोष्ट सांगते. ते वृद्ध झाले तरी दोन लक्ष्यांमध्ये येरझारा घालत तिरंदाजीचा सराव करायचे. कुणीतरी म्हणालं, या वयात हे तुम्हाला जड जातं. तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, की रसूलुल्लाह (स.) यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट नसती तर मी ही तकलीफ घेतली नसती: तिरंदाजी शिकून ती सोडून देणाऱ्याबद्दलची नाराजी. सहीह मुस्लिममध्ये हे आलं आहे. एअर रायफल आणि जिहादच्या तयारीचं तीर एकच, असा दावा मी करत नाही. पण शिकलेली विद्या वयाच्या नावाखाली टाकून देऊ नये, एवढं तर त्यातून घेता येतं.

आणि उभं राहण्याची व्याख्या खेळानेही केव्हाच सैल केली आहे. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर दहा मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला. त्या प्रकाराचं नाव 'स्टँडिंग'च आहे, पण खेळाडू व्हीलचेअरवर बसून, कोपराला आधार न देता नेम धरतात.

लेक आता माझ्यापेक्षा तीस गुणांनी पुढे आहे. तिची पाठ अजून धडधाकट आहे आणि ती चित्रातल्यासारखीच वाकते. तिच्या रायफलवरची दोन वजनं काढून घ्यावीत का, यावर सध्या आमच्या घरी रोज वाद चालू आहे. स्टूल मात्र तिने माझ्या शेजारी स्वतःसाठीही आणून ठेवलं आहे.