नायगावची वाट आणि खुला हौद

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे खंडाळा लागते. याच तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीमाई जन्मल्या. त्यांच्या स्मारकाला वंदन करून आम्ही सोबतच्या मुलांना सांगितले, की जोतिरावांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

असाच खुला हौद आज संगणकातही आहे. पुष्कळ कंपन्या आपल्या प्रोग्रामचा कोड कुलपात ठेवतात. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मात्र १९९१ साली लिनक्सचा कोड सर्वांपुढे ठेवला. बदलांची नोंद ठेवणारे ‘गिट’ हे अवजारही त्यानेच २००५ साली असेच खुले दिले. वेबसाइट बनवणारे जगभर ते वापरतात. असा कोड कोणीही वाचावा, चूक दिसल्यास दुरुस्ती पाठवावी. त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही. फायरफॉक्सचे मराठीकरणही स्वयंसेवकांच्या हातून झाले.

परंतु हौद खुला असला तरी घागर हवी. इंग्रजीची भीती आणि संगणकाची किंमत आमच्या वस्तीतील मुलांना अडवते. म्हणून प्रत्येक बुद्धविहारात एखादा जुना संगणक घेऊन त्यावर लिनक्स घालावे. मुलांनी आधी मराठी भाषांतरातील चुका सुधाराव्यात, मग कोडला हात घालावा. आपण नुसते पाणी पिणारे न राहता हौदात भर घालणारे व्हावे. जयभीम!