मोहरीएवढे कवच

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरांवर लिव्हरमोर हे गाव लागते. भोवती द्राक्षमळे, पलीकडे आल्टामाँटच्या उघड्या टेकड्यांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. येथील अग्निशामक केंद्रातला १९०१ सालापासूनचा विजेचा दिवा प्रवासी आवर्जून पाहतात. परंतु याच गावाच्या पूर्व कडेला, २००९ साली पुऱ्या झालेल्या ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’त, सूर्याच्या पोटातला व्यवहार भूमीवर घडविण्याचा उद्योग चालतो. लेसरचे १९२ झोत एका नळकांड्यात शिरतात; तेथे उपजलेल्या क्ष-किरणांनी आतले कवच चेपले जाते आणि त्यातील ड्यूटेरियम व ट्रिटियम या जड हायड्रोजनांचे मीलन होते.

हे कवच जेमतेम २ मिलिमीटर व्यासाचे, मोहरीच्या दाण्याएवढे. प्लॅस्टिकची अशी कवचे दक्षिणेकडील सॅन डिएगोच्या जनरल ॲटॉमिक्समध्येही घडविली जातात. त्यांची कृती ऐकताना आपल्याकडील ओतारी आठवतात. ते मेणाच्या आकृतीवर माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. येथेही एका प्लॅस्टिकच्या गोल साच्यावर दुसऱ्या प्लॅस्टिकचा थर चढवितात व सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू तापवितात. मेणाला बाहेर पडण्यास वाट ठेवावी लागते. येथे तशी वाट नसते. साच्यातील रेणूंची लांब साखळी उष्णतेने कडी-कडीने सुटते, तिची वाफ होते आणि ती अखंड भिंतीतून झिरपून निघून जाते. साचा जातो, कवच उरते.

मात्र ही आच बाहेरच्या भिंतीलाही लागतेच. तीही थोडे द्रव्य गमावते, किंचित आक्रसते. पुढे हवेतील प्राणवायू शोषून घेते. या साऱ्याचा हिशेब आधीच बांधावा लागतो, कारण जाडीत वा घडणीत थोडी विषमता राहिली तरी कवच चेपताना वेडेवाकडे दबते आणि प्रयोग फसतो.

५ डिसेंबर २०२२ रोजी येथे २.०५ मेगाज्यूल लेसर-प्रकाशाच्या मोबदल्यात ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. त्या दिवशीचे कवच हिऱ्याचे होते, आणि लेसरसाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती. तेव्हा या ऊर्जेवर घरोघरी दिवे लागण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे. परंतु त्या दिवसापर्यंतच्या वाटेवर अनेक वर्षे ही प्लॅस्टिकची कवचेच कामी आली. एवढ्या प्रचंड यंत्राचे यशापयश मंद आचेवर सिद्ध झालेल्या मोहरीएवढ्या गोळ्यावर अवलंबून असावे, हे लिव्हरमोरला गेलेल्याने अवश्य ध्यानी घ्यावे.